मांजराची रात्रपाळी

गेल्या ऑगस्टात, ऐन पावसात, आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या मीटररूममध्ये मांजराची तीन पिल्लं सापडली. दोन बी विंगमध्ये गेली, एक तिसऱ्या मजल्यावर आमच्याकडे आलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन भरलं ५६० ग्रॅम. सुंठीच्या रंगाचं, म्हणून मुलीने नाव ठेवलं सुंठ. पुढच्या अकरा रात्री घरात कुणी धड झोपलं नाही. खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले की म्हणायचे, "काय वहिनी, लोकांचा सुंठीवाचून खोकला जातो, तुम्ही सुंठ आणून आमचा वाढवलात!"

तेव्हापासून ओळखीच्या चार घरांत पिल्लं आली आणि चारही घरांतून मला अपरात्री फोन आले. तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाचं लिहून काढते. मी जनावरांची डॉक्टर नाही. बँकेत नोकरी करते, सकाळी ७.१२ ची लोकल पकडते, त्यामुळे झोपेची किंमत तेवढी कळते.

१. उचलायची घाई करू नका

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. सातच का, ते सोडा, पण जागा बदलताना ती एकेक पिल्लू मानेला धरून नेते हे खरं. जिन्यात एकटं ओरडणारं पिल्लू कदाचित नेण्याच्या मधल्या खेपेत असतं. आई खायला शोधायला गेली तरी कित्येक तास येत नाही. अशा वेळी आपण दया दाखवतो आणि तिचं पिल्लू पळवतो.

आमच्या वॉचमनकाकांनी झकास युक्ती केली. पिल्लांच्या भोवती गव्हाच्या पिठाचं कडं घातलं. आई आली तर पिठात पावलं उमटतील. एक दिवस गेला, एक रात्र गेली, पीठ जसंच्या तसं. मग आम्ही हात लावला.

२. डोळे नुकते उघडलेलं पिल्लू हा वेगळाच विषय

हे सांगायला मला आजही जड जातं. बावीस वर्षांपूर्वी, लग्नानंतर वर्षभराने, मी असंच एक पिल्लू घरी आणलं होतं. मुठीत मावायचं. गाईचं दूध कोमट केलं, शाईच्या ड्रॉपरने, तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजलं. मला वाटलं, केवढी माया करतेय मी. तिसऱ्या पहाटे ते गेलं.

मी केलेली प्रत्येक गोष्ट चुकीची होती, हे पुढे कळलं. उताण्या पिल्लाला पाजलं की दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. पोटावर ठेवून, मान किंचित वर, असंच पाजायचं. गाईचं दूध त्यांना पचत नाही, जुलाब होतात. आणि अंग गार असताना तर काहीच पाजायचं नाही, कारण थंड पडलेल्या पिल्लाचं पोट चालतच नाही. आधी ऊब, मग दूध. चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला डॉक्टरांकडून खास पिल्लांच्या दुधाची पावडर आणावी लागते, अगदी लहान असेल तर रात्रंदिवस दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, आणि पाजून झालं की आई जिभेने करते तसं ओल्या कापसाने पुसून शी-शू करवून घ्यावी लागते. ते त्याचं त्याला जमत नाही. हे सगळं जमणार नसेल तर ज्याला जमतं अशा माणसाकडे ते पिल्लू त्याच दिवशी पोचवा. त्यात कमीपणा नाही.

सुंठीचे दात बघून डॉक्टर म्हणाले, सहा आठवड्यांची असेल. स्वतःचं स्वतः खात होती. म्हणून मी हो म्हटलं. यापुढचं सगळं या वयाच्या पिल्लांसाठी.

३. आल्या आल्या घर दाखवू नका

पहिल्या संध्याकाळी मुलीने तिला हॉलच्या मधोमध सोडलं. पाहुण्याला घर दाखवतात ना, तसं. दोन सेकंदांत पिल्लू गायब. तासाभराने ते फ्रीजच्या मागे, कॉम्प्रेसरला चिकटलेलं सापडलं. मिशांवर जळमटं, डोळे वाटाण्याएवढे. काढायला गेले तर फिस्सकन अंगावर आलं. नवऱ्याने फ्रीज ओढला, मी झाडूने वाट अडवली, मुलगी रडायला लागली. अशी आमची शुभ सुरुवात.

आपल्या साडेपाचशे चौरस फुटांचं तिला मैदान वाटतं. एक छोटी खोली द्या, तीही पलंगाखालच्या फटी बुजवून. आम्ही मुलीच्या अभ्यासाची खोली दिली. एका कोपऱ्यात मिक्सरचं रिकामं खोकं आडवं करून, दुसऱ्या टोकाला वाळूचा ट्रे, खाणं-पाणी ट्रेपासून लांब. जेवणाशेजारी संडास आपल्याला तरी चालेल का? आठवडाभराने ती आपणहून दारातून डोकावायला लागली, तेव्हा एकेक खोली उघडली.

४. "अगं, पण ऊब कुठाय?"

हा प्रश्न आमच्या आईंचा, म्हणजे सासूबाईंचा. मी नेटवर वाचून खोकं सजवलं होतं. मऊ उशी, खेळण्यातला उंदीर, आणि कुणीतरी सुचवलं म्हणून टॉवेलात गुंडाळलेलं चावीचं घड्याळ. टिकटिक ऐकून पिल्लाला आईच्या छातीचे ठोके वाटतात म्हणे. वाटतही असतील. पण त्या घड्याळाचा गजर पाचाला लावलेला होता हे मी विसरले. पाच वाजता खोक्यातून जो काही कल्लोळ झाला, त्यानंतर सुंठ दिवसभर खोक्याकडे फिरकली नाही.

आई राजापूरकडच्या. खोक्यात हात घालून त्यांनी तो प्रश्न विचारला आणि मग त्यांच्या माहेरच्या मांजराचं सांगायला लागल्या. ते रात्री चुलीच्या वैलावर निजायचं. विस्तव विझला तरी राख कोमट असते. पहाटे चूल पेटवायची तर आधी मांजर उठवायचं, तेही राखेने माखलेलं, जांभया देत.

पिल्लं आईच्या पोटाशी एकमेकांवर रचून झोपतात. त्या ढिगातून एकाला उचलून आपण फरशीवरच्या खोक्यात ठेवतो आणि म्हणतो, रडतंय का? गार पडतंय म्हणून. फ्रीजच्या मागे ती कशाला गेली होती, तेही मला तेव्हा उमगलं.

मग रबराची गरम पाण्याची पिशवी काढली. पाणी हाताला सोसेल इतपत, वरून आईंच्या जुन्या लुगड्याच्या दोन घड्या. पिशवी अर्ध्याच खोक्यात ठेवायची, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकायला जागा राहते. विजेचं शेकायचं पॅड नको, वायर चावतात.

तरी बरोबर तीनला रडणं सुरू व्हायचं. तीनच का? चौथ्या रात्री मी खोक्यात हात घालून बघितला. पिशवी थंडगार. साडेदहाला भरलेलं पाणी तीनपर्यंत निवणारच, आणि गार रबर तर उबेच्या उलट काम करतं. त्या दिवसापासून बाराला एकदा पाणी बदलायचं ठरलं. ती पाळी नवऱ्याची, कारण तो तसाही मोबाइल बघत जागाच असतो. अर्धं रडणं तिथेच संपलं.

५. रात्र संध्याकाळी सातला सुरू होते

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हे.

आईंच्या माहेरी कुणी मांजर पाळत नसे, मांजर असायचं. घरात भाताची कणगी, म्हणजे उंदीर आलेच. दिवसभर पडवीत लोळायचं, अंधार पडला की माळ्यावर. रात्रपाळीचा कामगार. सगळं घर झोपलेलं असताना ते कामावर, त्यामुळे रात्री मांजर ओरडतं ही तक्रारच आईंना नवी होती. "त्याला वेळ कुठला असायचा?" म्हणाल्या.

आमच्या फ्लॅटमध्ये ना कणगी, ना माळा. मी आणि नवरा कामावर, मुलगी कॉलेजात, आईंना दुपारी झोप लागते. सुंठ सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत घोरत पडलेली. पिल्लं दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात. ते सगळे तास तिने दिवसाच संपवले तर रात्रीसाठी काय उरणार? त्यात मांजराची जात मुळात तिन्हीसांजेला आणि पहाटे शिकारीला निघणारी. आपण ज्या वेळी दिवे मालवतो, त्या वेळी ती हजेरी लावते.

म्हणून तिला काम दिलं. खराट्याचा एक लांब हीर घेतला, टोकाला जुन्या गाऊनची चिंधी बांधली. आल्या आल्या पर्स ठेवून दहा मिनिटं, आणि रात्री सव्वादहाला पुन्हा पंधरा मिनिटं. आता यातली गंमत. चिंधी नाकासमोर नाचवू नका. कुठला उंदीर मांजराच्या नाकासमोर नाचतो? चिंधी सोफ्याच्या पायामागे न्यायची. थांबवायची. टोक किंचित हलवायचं. सुंठ दबा धरते, कान पुढे, मागचा भाग डावी-उजवीकडे हलायला लागतो. मग चिंधी एकदम पळवायची, उलट दिशेला, तिच्यापासून दूर. आठ-दहा वेळा हुकू द्यायचं आणि शेवटी पकडू द्यायचं, चांगलं दातात धरून मागच्या पायांनी लाथाडू द्यायचं. शिकार सापडलीच नाही तर ती पेटलेलीच राहते आणि मग रात्री आपल्या पायाची बोटं पकडते. तोंड उघडून धापा टाकायला लागली तर मात्र लगेच थांबायचं.

हाताने कधीच खेळवू नका. नवऱ्याने खेळवलं. पिल्लाचे दात तेव्हा गुदगुल्या करतात, चौथ्या महिन्यात रक्त काढतात.

शिकार झाली की लगेच ताटली. दिवसाच्या चार जेवणांतलं सगळ्यात मोठं जेवण साडेदहाचं. पिल्लांचं कोरडं खाणं कोमट पाण्यात भिजवून, नाहीतर उकडलेलं चिकन बारीक तोडून. त्यात मीठ, हळद काही नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, ते मांजराला विषासारखे. आईंचा दूधभाताचा आग्रह होता. एकदा ऐकलं. त्या रात्री खोलीची फरशी मी चार वेळा पुसली. त्यावर आईंनीच पुन्हा दुधाचं नाव काढलं नाही.

जेवून झालं की ती अंग चाटते. आधी पंजा, मग पंजाने तोंड, मग पोट. चाटता चाटता मान लुडकते. शिकार, जेवण, आंघोळ, झोप हा क्रम तिच्या अंगातच आहे. आपण फक्त त्याची वेळ आपल्या सोयीने सरकवायची.

६. रडलं तर जायचं की नाही?

यावर आमच्या घरात दोन पक्ष होते आणि दोन्ही आपापल्या परीने बरोबर निघाले.

पहिल्या तीन रात्री जायचं. मी तर त्या खोलीत गादीच टाकली. दिवा लावला नाही, बोलले नाही, उचललं नाही. फक्त हात खोक्याच्या तोंडाशी ठेवून पडून राहिले. दुसऱ्या रात्री कधीतरी तळहातावर एक इवलासा पंजा आला, मग दोन, मग ती पंज्यांनी तळवा दाबायला लागली, आईला लुचताना दाबतात तसा. आत कुठेतरी मोटार सुरू झाल्यासारखी घुरघुर. बावीस वर्षांपूर्वीचं पिल्लू आठवलं. जाऊ दे.

चौथ्या रात्री गादी दारापाशी नेली, सहाव्या रात्री पॅसेजमध्ये, आणि मग माझ्या पलंगावर. तिने मध्ये मध्ये हाक मारून मी आहे का ते बघितलं. मी "आहे गं" म्हणायची. एवढ्यावर भागायचं.

दुसऱ्या आठवड्यापासून हिशेब बदलतो. पिशवी गरम आहे, पोट भरलेलं आहे, ट्रे स्वच्छ आहे, आणि तरी हाका चालू आहेत, म्हणजे तिला फक्त तुम्ही उठायला हवे आहात. तेव्हा नाही जायचं. आणि नाही म्हणजे नाहीच. आठव्या रात्री नवऱ्याने चाळीस मिनिटं सहन केलं आणि मग उठून चिकनचा तुकडा दिला. नवव्या रात्री ती पन्नास मिनिटं रडली. बरोबरच आहे, त्याने तिला चाळीस मिनिटांची मजुरी दिली होती. जायचंच असेल तर पहिल्या मिनिटाला जा, नाहीतर जाऊ नका. दुर्लक्ष सुरू केलं की एक-दोन रात्री आवाज आधी वाढतो. तिथेच सगळे हात टेकतात. आम्हीही टेकले असते. मी कानात कापूस घातला, काकांना खाली नेऊन नारळाच्या वड्या दिल्या. बाराव्या रात्री ती सलग साडेचारपर्यंत झोपली.

हे सगळं धडधाकट पिल्लासाठी. ट्रेमध्ये बसून कुंथत रडत असेल, पोट फुगलं असेल, जुलाब थांबत नसतील, जेवणं चुकवत असेल, तर वाट बघू नका. एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी नि साखर बघता बघता उतरते.

७. तुम्ही उठलात म्हणजे तिचं जेवण नव्हे

आमच्याकडे नळाला पाणी पाचला येतं. मी पाणी भरायला उठायची आणि जाता जाता तिची ताटली भरून टाकायची, म्हणजे पुन्हा पडता येईल. चार दिवसांत तिने निष्कर्ष काढला की ही बाई उठली की जेवण मिळतं. मग बाईला उठवायला काय हरकत? पाच, पावणेपाच, साडेचार. पापणीवर पंजा.

आता पाणी भरते, आंघोळ करते, चहा टाकते, आणि चहाला उकळी आल्यावर तिची ताटली. त्यामुळे ती मला उठवत नाही. गॅसपाशी बसून चहाच्या पातेल्याकडे बघते.

८. तुळस

पाचव्या सकाळी आई तुळशीला पाणी घालायला बाल्कनीत गेल्या आणि जो आवाज आला, तो खालच्या काकांनीही ऐकला असणार. खोलीचं दार रात्री उघडं राहिलं होतं आणि सुंठीने वृंदावनात नीट खड्डा करून, वर माती लोटून, आपलं काम उरकलं होतं.

तिचं काय चुकलं? मीटररूमबाहेरच्या मातीत वाढलेली ती. बाजारची सुगंधी वाळू तिला उग्र वाटत होती. शिवाय ओली झाली की गोळा होणारी वाळू एवढी लहान पिल्लं चाखून बघतात आणि ती पोटात गेली तर अडकते. मग उथळ ट्रेमध्ये कुंडीतलीच साधी माती भरली, हळूहळू तिच्यात लाकडाचा भुसा मिसळत गेले आणि महिन्याभरात माती काढून टाकली. तुळशीची माती बदलली, वर गोटे रचले, आईंनी दोन दिवस अबोला धरला. ट्रे रोज रात्री जेवणाच्या आधी साफ करते. घाणेरडा ट्रे हेही मध्यरात्रीच्या हाकेचं एक कारण असतं.

९. भराभरा सांगते

बाल्कनीला, खिडक्यांच्या ग्रिलला कबुतरांची जाळी पिल्लू येण्याआधी लावा. दोन गजांमधून अख्खं पिल्लू जातं. सुई-दोरा, रबर, राखीचे धागे रात्री बाहेर ठेवू नका. गिळलेला दोरा आतडी कापतो. पिसवांसाठी कुत्र्याची पावडर अजिबात वापरू नका. मला दुकानदाराने तीच दिली होती, डॉक्टरांनी डबा हातातून काढून घेतला. कुत्र्यांच्या औषधातलं परमेथ्रिन मांजराचा जीव घेतं. आपली पॅरासिटामॉलची गोळीही तशीच.

बाहेरून आलेल्या पिल्लाने ओरखडलं किंवा चावलं तर पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. फ्रीजच्या प्रकरणात नवऱ्याच्या मनगटावर दोन ओरखडे उठले. तो म्हणे, काही होत नाही. आईंनी त्याला सरकारी दवाखान्यात पाठवलंच. त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी.

१०. पाचव्या महिन्यात सगळं पुन्हा पहिल्यापासून

डिसेंबरात सुंठ पुन्हा रात्रभर ओरडायला लागली. हा आवाज मात्र निराळा, घशातून येणारा, लांबलचक, तान्हं मूल टाहो फोडतं तसा. जमिनीवर लोळायची, पाठीवर हात ठेवला की मागचा भाग वर करायची. मुलगी घाबरली, तिच्या पोटात दुखतंय म्हणाली. आईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "माजावर आलीये." भाट्या चौथ्या-पाचव्या महिन्यातही माजावर येतात आणि तेव्हा कुठलाही खेळ, कुठलंही जेवण कामाला येत नाही. डॉक्टरांनी ते दिवस सरल्यावर ऑपरेशन केलं. टाक्यांवर जीभ जाऊ नये म्हणून मुलीने जुन्या मोज्याला चार भोकं पाडून तिला झबलं शिवलं. तुम्ही आमच्यासारखा उशीर करू नका. शेवटच्या लसीच्या वेळीच तारीख ठरवून या.

११. बी विंगमधली दोन

त्यांच्याकडची पिल्लं पहिल्या रात्री तासभर ओरडली आणि मग एकमेकांच्या मानेत डोकं खुपसून झोपली. ना पिशवी, ना गादी. त्या वहिनींनी हे मला लिफ्टमध्ये सहज सांगितलं, मी वर पोचेपर्यंत गप्प होते. आमचं घर लहान, पण पुन्हा वेळ आली तर दोन आणीन. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

१२. सध्या

सुंठ आता तीन किलोंच्या वर आहे. खोकं केव्हाच फाटलं. झोपते आईंच्या पायथ्याशी. रात्री दोन-तीनच्या सुमारास उठते, स्वयंपाकघरात एक फेरी, बाल्कनीच्या दाराशी एक फेरी. आवाज नाही, हाक नाही. कधीतरी झुरळ मिळतं, कधी पालीचं शेपूट. ते माझ्या चपलेत आणून ठेवते आणि परत जाऊन झोपते.

पाचला नळाचा आवाज आला की मी उठते. पाय घालण्याआधी चप्पल झटकून घेते.